दम्याची नवी इंजेक्शनं : अँटिबॉडी नेमकी कुठे बसते आणि रिपोर्टमधला आकडा का वाढतो?

पागोळी :

आत्ता माझ्यासमोर टेबलावर दोन रिपोर्ट आहेत. एक माझा, दुसरा इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंचा, त्यांना विचारूनच आणलेला. दोघींनाही तीव्र दमा. दोघींच्याही रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त. दोघींनाही डॉक्टरांनी अँटिबॉडीचं इंजेक्शन सुरू केलं. काकूंचा आकडा ६०० च्या पुढे होता, तो आता शून्य आहे. माझा ४२० होता, तो दहा आठवड्यांनी ११५० झाला.

रात्री साडेअकराला मोबाइलवर तो लाल आकडा आणि शेजारचा वर जाणारा बाण बघितला आणि घशाला कोरड पडली. छाती मात्र गेल्या वीस वर्षांत नव्हती इतकी मोकळी होती. जिने चढून कपड्यांची बादली वर नेली तरी दम लागत नव्हता. मग हा आकडा काय सांगतोय?

सकाळी डॉक्टरांना फोन केला. 'या औषधानं असं होऊ शकतं, आपण लक्ष ठेवू,' असं त्या म्हणाल्या. मी प्रथिनांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हे असं का होतं ते मला समजून घेता आलं. ज्यांना येत नाही त्यांनी रात्रभर जागायचं का, असं वाटलं म्हणून हा धागा.

काकूंचं औषध बेनरालिझुमॅब, माझं डुपिलुमॅब. दोन्ही अँटिबॉडीच, म्हणजे प्रतिपिंडं, आणि दोन्ही पेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतात. फक्त रिसेप्टर वेगळे आहेत, आणि बसल्यावर करायचं कामही वेगळं आहे.

आधी इओसिनोफिल. ही एक पांढरी पेशी. १८७९ मध्ये पाउल एरलिख यांनी इओसिन नावाच्या रंगात हिच्यातले कण लालभडक रंगतात हे दाखवलं, त्यावरून हे नाव. ती अस्थिमज्जेत तयार होते. तिथे तिला वाढवणारा, बाहेर पाठवणारा आणि जगवणारा मुख्य निरोप म्हणजे इंटरल्युकिन-५, थोडक्यात आयएल-५, हे छोटं प्रथिन. दम्यात या पेशी श्वासनलिकेच्या भिंतीत उतरतात आणि त्यांच्या कणांतल्या प्रथिनांनी आतलं अस्तर सोलवटून काढतात.

आता रिसेप्टर. आपण लहानपणापासून कुलूप आणि किल्लीचं उदाहरण ऐकतो. मला इथे अडकित्ता जास्त पटतो. या रिसेप्टरचे दोन भाग असतात, अडकित्त्याच्या दोन पात्यांसारखे. निरोप्या प्रथिन, म्हणजे सुपारी, आधी एका पात्यावर बसतं, मग दुसरं पातं जवळ येतं. बाहेर पाती जवळ आली की पेशीच्या आत मुठी जवळ येतात. त्या मुठींना चिकटलेली जॅक नावाची विकरं (एन्झाइम) एकमेकांना चेतवतात आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. नुसत्या एका पात्यानं सुपारी कातरत नाही.

आयएल-५ च्या अडकित्त्याचं एक पातं फक्त त्याचंच आहे, आयएल-५ रिसेप्टर अल्फा. दुसरं पातं, बीटा कॉमन, सामाईक आहे. आयएल-३ आणि जीएम-सीएसएफ हे निरोपेही तेच वापरतात. बेनरालिझुमॅब बसते ती अल्फावर. या अल्फाच्या बाहेरच्या तीन भागांचा आकार नळ दुरुस्त करायच्या पान्यासारखा आहे आणि तो आयएल-५ ला पान्यासारखाच धरतो. बेनरालिझुमॅब त्याच्या पहिल्याच भागावर, म्हणजे आयएल-५ जिथे टेकणार तिथेच जाऊन बसते.

माझं डुपिलुमॅब बसतं आयएल-४ रिसेप्टर अल्फावर. हे पातं दोन अडकित्त्यांत आहे. एकात त्याच्या जोडीला गॅमा साखळी असते आणि तिथे आयएल-४ चालतं. दुसऱ्यात जोडीला आयएल-१३ रिसेप्टर अल्फा-१ असतं आणि तिथे आयएल-४ आणि आयएल-१३ दोन्ही चालतात. म्हणून हे एक पातं धरलं की दोन निरोप एकदम थांबतात.

आणि इथेच माझ्या ११५० चं उत्तर आहे. इओसिनोफिलला रक्तातून फुप्फुसात उतरायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे बोलावणं, ते इओटॅक्सिन नावाचं प्रथिन करतं. दुसरं म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर धरायला जागा, ती व्हीकॅम-१ देतं. दोन्ही गोष्टी आयएल-४ आणि आयएल-१३ च्या हुकमानं वाढतात. डुपिलुमॅबनं तो हुकूमच बंद केला. पण अस्थिमज्जेला आयएल-५ चा निरोप पूर्वीसारखाच मिळतोय, तिथून माल निघतोच आहे. घाट बंद झाला की पायथ्याला ट्रकांची रांग लागते, तशी ही रांग रक्तात लागते. रक्त तपासणारा माणूस पायथ्याशीच मोजतो, घाटात नाही.

काकूंच्या बाबतीत ट्रक निघतच नाहीत आणि जे निघालेले होते तेही संपवले जातात. ते कसं, ते पुढे लिहिते. जेवायची वेळ झाली.

कवडसा :

वाचतेय. माझ्या बहिणीला हेच औषध त्वचेच्या एक्झिमासाठी दिलं आहे. तिच्याही रिपोर्टमध्ये असा बाण आला होता आणि घरात दोन दिवस रडारड झाली होती. तेव्हा हे कोणी इतकं नीट सांगितलं असतं तर!

शेवंती_वाडी :

ताई, अडकित्ता लगेच समजला. पण 'अँटिबॉडी बसते' म्हणजे काय? गोंदासारखी चिकटते का? आणि रक्तात हजारो प्रथिनं असताना हिला हेच पातं कसं सापडतं?

पागोळी :

@शेवंती_वाडी, चांगला प्रश्न आहे, माझा जन्म यातच चालला आहे.

अँटिबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते. वरच्या दोन फांद्यांच्या टोकांना प्रत्येकी सहा छोटे वळसे असतात, तीन जड साखळीचे आणि तीन हलक्या साखळीचे. हे वळसे म्हणजे बोटं समजा. रिसेप्टरच्या पृष्ठभागावरच्या साधारण पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या उंचसखल जागेवर ही बोटं टेकतात. कुठे धन प्रभाराला ऋण प्रभार सापडतो, कुठे हायड्रोजन बंध जुळतो, कुठे दोन तेलकट भाग पाणी बाहेर ढकलून एकमेकांना बिलगतात. यातला एकेक धागा अगदी कच्चा असतो. सगळे एकाच वेळी जुळले तरच पकड बसते, म्हणून दुसऱ्या प्रथिनावर ती टिकत नाही. शोधत वगैरे ती काही जात नाही. रक्तात फिरताना शेकडो गोष्टींना टेकते आणि सुटते. जिथे जुळतं तिथे राहते.

पकड किती घट्ट? बेनरालिझुमॅबचा आकडा ११ पिकोमोलर आहे. म्हणजे एका लिटरमध्ये एका मोलच्या अब्जाव्या भागाचाही जेमतेम नव्वदावा हिस्सा इतकं विरळ द्रावण असलं तरी निम्मे रिसेप्टर भरलेले राहतात.

'न्यूट्रलायझिंग' म्हणजे निष्प्रभ करणारी अँटिबॉडी. नुसतं चिकटणं पुरत नाही, तिनं निरोप्याची वाट अडवायला हवी. पात्याच्या पाठीवर बसली तर पकड कितीही घट्ट असो, सुपारी कातरली जाणारच. प्रयोगशाळेत घट्ट बसणाऱ्या पुष्कळ अँटिबॉडी मिळतात. योग्य ठिकाणी बसणाऱ्या त्यातल्या थोड्याच. म्हणून स्फटिक करून, क्ष-किरण टाकून, कुठलं अमिनो आम्ल कुठे टेकलंय ते बघावं लागतं. तो स्फटिक धरायला कधी कधी वर्ष जातं. थेंबात पहिली सुई दिसते त्या दिवशी अख्खी खोली त्या सूक्ष्मदर्शकाभोवती जमते.

डॉ_गोदाकाठ :

मी नाशिकला छातीचे रुग्ण बघतो. पागोळीताईंनी यंत्रणा सुंदर मांडली आहे. दवाखान्याच्या बाजूनं काही गोष्टी लिहितो.

आपल्याकडे इओसिनोफिल वाढले म्हणजे ॲलर्जीचा दमा असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. पोटातले जंत हे मोठं कारण. हत्तीरोगाच्या जंतूंमुळे फुप्फुसात होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे दुसरं. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला हे नाव दिलं. त्यात रात्रीचा खोकला आणि घरघर हुबेहूब दम्यासारखी असते आणि आकडा ३००० च्या वर असतो. त्याला डायइथाइलकार्बामॅझिन लागतं, महागडी अँटिबॉडी नाही. तेव्हा इंजेक्शनचा विचार करण्यापूर्वी शौचाची तपासणी आणि जंतांवर उपचार झालेच पाहिजेत. इओसिनोफिल ही जंतांशी लढणारी पेशी आहे. तिला थोपवायचं तर आधी घर साफ करा.

दुसरं असं की, डुपिलुमॅबवर आकडा वाढतो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत उतरतो, हे खरं. पण त्याच्याबरोबर अंगावर जांभळट पुरळ, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, छातीत दुखणं, दमा उलट वाढणं यातलं काही आलं तर वाट बघू नका. रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक दुर्मीळ आजार अशा वेळी उघडा पडू शकतो. विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करत असताना. आणि गोळ्या स्वतःच्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, हे मी प्रत्येक रुग्णाला दोनदा सांगतो.

पंप सोडायचा नाही. ही इंजेक्शनं चालू झटका लगेच मोकळा करायला नसतात.

रानजाई :

व्हॉट्सॲपवर आलं होतं की इओसिनोफिल शून्य झाले की प्रतिकारशक्तीच संपते. काकूंना काळजी वाटत नाही का?

डॉ_गोदाकाठ :

@रानजाई, नाही संपत. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट या बाकीच्या पांढऱ्या पेशी जागेवर असतात. आतापर्यंतच्या काही वर्षांच्या पाठपुराव्यात शून्याजवळच्या आकड्यामुळे काही वेगळा धोका पुढे आलेला नाही. जंतांचं मात्र लक्षात ठेवा, म्हणून तर वर लिहिलं. उलट बाजूही बघा. दरवर्षी तीन-चार वेळा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घेणाऱ्या माणसाची साखर, हाडं, डोळे यांचं काय होतं ते मी रोज बघतो. २०१७ मध्ये बेनरालिझुमॅबची चाचणी रोज गोळ्या घेणाऱ्यांवरच झाली. औषध घेणाऱ्यांची गोळीची मात्रा मध्यमानानं ७५ टक्क्यांनी कमी करता आली, नुसतं पाणी टोचलेल्यांची २५ टक्क्यांनी. हा फरक माझ्या दृष्टीनं फार मोठा आहे.

पागोळी :

परत आले. 'संपवले जातात' म्हणाले होते ते राहिलंय.

वायच्या वरच्या फांद्या रिसेप्टर धरतात, खालचा दांडा मोकळा असतो. आपल्या रक्तातल्या नैसर्गिक मारक पेशी, ज्यांना एनके म्हणतात, त्यांच्या अंगावर या दांड्याला पकडणारा वेगळा रिसेप्टर असतो. दांडा हाती लागला की एनके पेशी समोरच्या पेशीला मरण्याचा आदेश देते. म्हणजे बेनरालिझुमॅब एका बाजूनं इओसिनोफिलला धरते आणि दुसऱ्या बाजूनं तिच्यावर निशाण लावते.

आता बारकावा. दांड्याला साखरेची एक फांदी असते. सर्वसाधारण अँटिबॉडीत त्या फांदीवर फ्युकोज नावाची साखर असते आणि ती एनकेच्या पकडीत आडवी येते. बेनरालिझुमॅब ज्या पेशींत तयार करतात, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींत, तिथे फ्युकोज जोडणारं विकरच काढून टाकलेलं असतं. एक साखर नाही, एवढाच फरक. पण त्यानं पकड कितीतरी पटींनी वाढते आणि पहिल्या डोसनंतर दिवसभरातच रक्तातले इओसिनोफिल जवळपास नाहीसे होतात. प्रथिनांच्या कामात इतकी वर्षं घालवूनही मला हे वाचताना प्रत्येक वेळी तितकंच आश्चर्य वाटतं.

डुपिलुमॅबला मात्र हे करून चालणार नाही. त्याचं पातं, आयएल-४ रिसेप्टर अल्फा, श्वासनलिकेच्या अस्तरावर आहे, स्नायूंवर आहे, बी पेशींवर आहे. तिथे निशाण लावलं तर आपलीच फुप्फुसं मारली जातील. म्हणून ते आयजीजी-४ जातीचं केलं आहे, ज्याचा दांडा मारक पेशींना फारसा बोलावत नाही. ते फक्त बसतं आणि जागा अडवतं. कुठल्या पातीवर बसायचं हे एकदा ठरलं की दांडा कसा हवा हेही ठरतं.

खारीक :

'कुठल्या पात्यावर' असं हवं ना ताई, पाती कांद्याची.

पागोळी :

@खारीक, बरोबर, पात्यावर. धन्यवाद.

सांजवात :

माझ्या मुलाला बारा वर्षांचा असताना ओमालिझुमॅब सुरू केलं, ठाण्यात. वजन आणि रक्तातलं आयजीई बघून डोस ठरवला. सहा महिन्यांनी मी हौसेनं आयजीई परत तपासलं तर पहिल्यापेक्षा जास्त! लॅबवाल्याशी भांडून आले. मुलाचं तर शाळेत पळणं सुरू झालं होतं. पागोळीताईंचं वाचून आता वाटतंय की तेही असंच काही असेल.

पागोळी :

@सांजवात, अगदी तसंच. ओमालिझुमॅब रिसेप्टरवर बसतच नाही, ते मोकळ्या आयजीईला रक्तातच धरतं. आयजीई ही आपलीच अँटिबॉडी, १९६० च्या दशकात इशिझाका दांपत्यानं अमेरिकेत आणि योहानसन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये ओळखलेली. तिच्या दांड्यातल्या ज्या भागानं ती मास्ट पेशीच्या, म्हणजे ॲलर्जीचा भडका उडवणाऱ्या पेशीच्या, रिसेप्टरला पकडते, तोच भाग ओमालिझुमॅब झाकतं. झाकलेली आयजीई मास्ट पेशीवर बसू शकत नाही. पण ही जोडी रक्तातून हळू बाहेर पडते आणि नेहमीची तपासणी मोकळी आणि झाकलेली दोन्ही मोजते. म्हणून आकडा वाढतो. औषध बंद केल्यावरही वर्षभर तो वर राहू शकतो, त्यामुळे मधेच तपासून त्यावरून डोस बदलत नाहीत.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट सांगते. मास्ट पेशीवर आधीच बसलेल्या आयजीईला ओमालिझुमॅब धरत नाही, कारण धरायची जागा रिसेप्टरखाली दडलेली असते. धरलं असतं तर दोन आयजीई एकमेकींना जोडल्या जाऊन पेशी फुटली असती आणि औषधानंच झटका आणला असता. ही जागा नेमकी निवडली म्हणून हे औषध होऊ शकलं. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे दम्याचं पहिलं अँटिबॉडी औषध.

लॅबवाल्यांचा आकडा बरोबर होता हो.

सांजवात :

उद्याच जाऊन सांगते त्यांना. खरंच.

मुक्कामपोस्ट :

मी औषध कंपनीत होतो, आता निवृत्त. एक प्रश्न कायम डोक्यात राहिला. आयएल-१३ हाच दम्यातला मुख्य खलनायक म्हणत होते. मग फक्त त्याला पकडणाऱ्या ट्रालोकिनुमॅब आणि लेब्रिकिझुमॅब दम्यात का चालल्या नाहीत?

पागोळी :

@मुक्कामपोस्ट, दोन्ही निरोप्यालाच धरतात, पण वेगवेगळ्या बाजूंनी. आयएल-१३ आधी अल्फा-१ या पात्यावर सैलसर बसतं, मग आयएल-४ रिसेप्टर अल्फा येऊन पकड घट्ट होते. ट्रालोकिनुमॅब पहिली पायरीच अडवतं. लेब्रिकिझुमॅब आयएल-१३ ला पहिल्या पात्यावर बसू देतं, पण दुसरं पातं येऊ देत नाही. जीवरसायनाच्या नजरेनं दोन्ही सुरेख. तरी दम्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या चाचण्यांत झटके कमी होण्याचा निकाल सातत्यानं मिळाला नाही. पुढे एक्झिमासाठी अमेरिकेत मात्र दोन्हींना मान्यता मिळाली, ट्रालोकिनुमॅबला २०२१ मध्ये आणि लेब्रिकिझुमॅबला २०२४ मध्ये.

माझं मत असं की आयएल-४ ची वाट उघडी राहिली. तोच दुसरा अडकित्ता आयएल-४ वापरत राहिलं. डुपिलुमॅबनं सामाईक पातं धरलं आणि २०१८ च्या १९०२ रुग्णांच्या चाचणीत २०० मिलिग्रॅमच्या डोसवर गंभीर झटके ४७.७ टक्क्यांनी कमी झाले.

पण नुसती जागा म्हणजे सगळं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्याच पात्यावर बसणारी एएमजी ३१७ नावाची अँटिबॉडी आधी होऊन गेली. २०१० मध्ये तिचे निकाल आले, सगळ्या रुग्णांत मिळून फायदा दिसला नाही.

डॉ_गोदाकाठ :

आणि रुग्ण कोण निवडले, हा तिसरा भाग. मेपोलिझुमॅबची गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ते आयएल-५ ला धरतं. २००० साली सौम्य दम्याच्या लोकांवर वापरलं तेव्हा इओसिनोफिल खाली आले, पण श्वासनलिकेची संवेदनशीलता जिथल्या तिथे. पुष्कळांनी तेव्हा आयएल-५ चा नाद सोडला. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटानं ६१ जण घेतले, वारंवार झटके येणारे आणि बेडक्यात इओसिनोफिल सापडलेले. वर्षाला सरासरी झटके औषधावर २.०, औषधाशिवाय ३.४. कॅनडातून त्याच वेळी तसाच निकाल आला. औषध तेच होतं. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

रानजाई :

डॉक्टर, मग 'फीनो' म्हणून फुंकायची तपासणी असते, ती कशासाठी? माझी केली होती, ६२ आला.

डॉ_गोदाकाठ :

श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड. श्वासनलिकेच्या अस्तरातलं जे विकर ते बनवतं, त्याला आयएल-१३ चेतवतं. म्हणून डुपिलुमॅबवर फीनो उतरतो आणि बेनरालिझुमॅबवर फारसा हलत नाही, दमा सुधारला तरी. पागोळीताईंच्या दोन रिपोर्टांना हा तिसरा जोडला तर चित्र उलटं दिसेल.

पण ६२ बघून थेट इंजेक्शन नको. आधी पंप माझ्यासमोर घेऊन दाखवा म्हणेन. निम्म्या लोकांची मान खाली असते, श्वास आधी आणि दाब नंतर असतो. स्पेसर लावून, आठवडे-महिने नियमित घेऊन, घरातला धूर-बुरशी बघूनही झटके थांबत नसतील तर पुढची पायरी.

कवडसा :

अवांतर: ही नावं लक्षात ठेवायची काही युक्ती?

मुक्कामपोस्ट :

@कवडसा, शेपटीकडून वाचा. 'मॅब' म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. त्याआधी 'झु' असेल तर उंदराची अँटिबॉडी माणसाळवलेली, जसं मेपोलिझुमॅब. नुसता 'उ' असेल तर पूर्ण मानवी, जसं डुपिलुमॅब, टेझेपेलुमॅब. २०१७ नंतरच्या नव्या नावांत ही खूण देणं बंद केलं. टेझेपेलुमॅब त्यापूर्वीचं नाव, मान्यता २०२१ ची. ते सर्वात वरच्या निरोप्याला, अस्तरातून निघणाऱ्या टीएसएलपीला, धरतं.

शेवंती_वाडी :

पागोळीताई, सामाईक पातं धरायची कल्पना आयएल-५ च्या बाजूला कोणी केली नाही का? तिथेही तिघांचं एक होतं म्हणालात.

पागोळी :

केली आहे! ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सीएसएल३११ नावाची अँटिबॉडी बीटा कॉमनवर बसवली, तिघंही निरोपे एकदम अडतात. स्फटिकात तिची बोटं नेमकी त्या जागी टेकलेली दिसतात जिथे ते तिघं आळीपाळीनं बसतात. जीएम-सीएसएफ फुप्फुसाच्या सफाईलाही लागतं, त्यामुळे इथे किती अडवायचं हा जपून सोडवायचा प्रश्न आहे. तुम्ही स्वतःहून तिथपर्यंत पोचलात, फार आनंद झाला.

लहानपणी साताऱ्याकडे गुऱ्हाळांच्या दिवसांत माझी छाती शिट्टी वाजवायला लागली की आजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसायची, पहाटेपर्यंत. तिच्या हाताला चटके बसलेले असायचे. तिला पातं-बितं काही माहीत नव्हतं, मला श्वास येत नाही एवढंच माहीत होतं. हे सगळं वाचताना, लिहिताना ती सारखी आठवते.

शेवंती_वाडी :

ताई, पुढचा रिपोर्ट आला की नक्की सांगा.

पागोळी :

सात आठवड्यांनी लिहितेय. काल रक्त दिलं. ६४०. पुरळ नाही, मुंग्या नाहीत. फीनो २१ वर आलाय. काकूंचा अजून शून्यच आहे आणि परवा मंडळाच्या कार्यक्रमात त्या पूर्ण मंगळागौर खेळल्या, फुगडीसकट.